बुवाची पेज

"किती भरला?" भाकरी थापता थापता प्रेमाने विचारलं.

रुचिरा ओट्यावरच्या काट्यावर वाकली होती. काट्यावर प्लॅस्टिकचा डबा आणि डब्यात बुवा. "सातशे ग्रॅमच्या खाली गेला, आई. कालच्यापेक्षा कमी."

"हलला असेल तो."

"हलतोय कुठे? तीच तर बोंब आहे."

बुवा म्हणजे गिनीपिग. प्रेमाचा नवरा दशरथ लिफ्ट मेकॅनिक होता. मुलुंडमधल्याच एका टॉवरमध्ये तो दुरुस्तीला गेला असताना घर सोडून चाललेल्या एका कुटुंबाने हा जीव पिंजऱ्यासकट त्याच्या हातात दिला, आणि नाही म्हणणं दशरथला जन्मात जमलं नव्हतं. भाजीची पिशवी वाजली की हा असा काही सूर लावायचा, की भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या दशरथने त्याचं नाव बुवा ठेवलं. लोक घरातले उंदीर बाहेर काढतात, हौसेने घरी आणणारा तूच पहिला, असं प्रेमा तेव्हा म्हणाली होती. आता दशरथ जाऊन दोन वर्षं होत आली. बुवाचं सगळं तिच्याकडेच आलं होतं आणि उंदीर हा शब्द तिने केव्हाच सोडून दिला होता.

मागच्या महिन्यात बुवाच्या दाढा वाढून जिभेला टोचायला लागल्या आणि त्याने खाणं टाकलं. डॉक्टरांनी भूल देऊन दाढा घासल्या. दाढा बऱ्या झाल्या, पण बुवा खायचं जणू विसरला. वय झालेलं, अंग उतरलेलं, पाठीवरून हात फिरवला की मणका बोटाला लागायचा. गवताची पावडर पाण्यात कालवून दिवसभर थोडी थोडी सिरिंजने भरवा, वजन परत आलं तरच काही खरं आहे, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

"पावडरच द्यायची हां आई, दुसरं काही नाही," चपला घालत रुचिरा म्हणाली. तिला ऐरोलीला ऑफिस गाठायचं होतं.

"माका काय कळत नाय?"

कळत नव्हतं असं कोण म्हणेल? प्रेमाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडात घास घालण्यात गेलं होतं. सासूचं अर्धं अंग गेलं तेव्हा तिला भरवलं, दिराचा टायफॉइड काढला, कॉलनीत कोणी आजारी पडलं की यांच्या घरातून पेजेची वाटी गेलीच म्हणून समजा. गावचे उकडे तांदूळ, मऊ शिजवलेले, चिमूटभर मीठ. पेजेने माणूस उठतं, यावर तिची देवाइतकी श्रद्धा होती. ती हिरवी पावडर मात्र तिला बघवत नव्हती. गोठ्यातल्यासारखा वास मारायची. आजाऱ्याला कोणी असलं खायला घालतं का?

त्या दुपारी तिने पेज केली. मीठ घातलं नाही, तेवढा विचार केला. गाळून, कोमट करून, सिरिंजमध्ये भरून तिने ती बुवाच्या ओठाला लावली. बुवाने निमूटपणे गिळली. प्रेमाच्या जिवाला इतकं बरं वाटलं की तिने दुसऱ्यांदाही दिली आणि संध्याकाळी तिसऱ्यांदाही.

रुचिरा आली तेव्हा बुवा पाठ वर काढून कोपऱ्यात बसला होता. पोट फुगून टम्म झालं होतं. हात लावला की दात करकरा वाजवत होता.

दोघी त्याला घेऊन तशाच दवाखान्यात गेल्या. डॉ. ऋता वयाने रुचिराएवढ्याच. त्यांनी बोटाने पोटावर टिचकी मारली आणि मान वर केली. "काय दिलंत?"

रुचिरा म्हणाली, "पावडरच." मग प्रेमा म्हणाली, "पेज दिली."

"तांदळाची?"

"गावचे तांदूळ. आमच्याकडे आजाऱ्याला..."

"मावशी, माणसाला ठीक आहे. हा गवतावरचा जीव. याच्या पोटात भात आंबतो, गॅस धरतो. यातच दगावतात हे."

रुचिरा आईकडे बघत राहिली. "तुला सांगून गेले होते ना मी?" एवढंच ती म्हणाली. ती ओरडली असती तर प्रेमाला परवडलं असतं.

डॉक्टरांनी औषधं दिली, पोट कसं चोळायचं ते दाखवलं. बुवा वाचला. पण प्रेमाच्या आत काहीतरी मोडलं ते मोडलंच. ज्या एका गोष्टीची तिला खात्री होती, त्याच गोष्टीने ती एका मुक्या जिवाला मारायला निघाली होती. दशरथचा बुवा आपल्या हातून गेला असता, हे तिच्या मनातून जाईना. आता ती पावडर कालवायची, डॉक्टर सांगतील तेवढीच, तशीच. वासाबद्दल अवाक्षर काढत नव्हती. ढोबळी मिरचीचे बारीक तुकडे पिंजऱ्यात ठेवायची आणि ते संध्याकाळी तसेच सुकलेले उचलायची. वजन थोडं वर सरकायचं, पण बुवा खायचा ते सिरिंजनेच.

संकष्टीच्या सकाळी ती जमिनीवर बसून दूर्वा निवडत होती. माणिक फुलवालीकडून आणलेला ओला गठ्ठा, पुढ्यात वर्तमानपत्र. बुवाची वेळ झाली म्हणून तिने त्याला मांडीवर घेतलं आणि सिरिंज लावली. त्याने तोंड फिरवलं. तिने पुन्हा लावली. त्याने पुढचे दोन्ही पाय उचलून तिचा हात ढकलला.

असं तोंड फिरवणं प्रेमाच्या ओळखीचं होतं. सासूने असंच एका सकाळी तोंड फिरवलं होतं. दशरथनेही, हॉस्पिटलच्या खाटेवर, भिंतीकडे. तिच्या हातचं नको म्हणायला लागलेलं माणूस पुन्हा कधी जेवलं नव्हतं.

"काय झालं गं?" रुचिरा आतून आली.

"नको म्हणतोय."

"बघ ना अजून एकदा."

"नको." प्रेमाने बुवाला हळूच खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते. "जा रे बाबा. आता बळजबरी करूचंय नाय मी."

बुवा थोडा वेळ तिथेच बसला. मग वर्तमानपत्राच्या कडेपर्यंत गेला, नाक हलवलं आणि एक दूर्वा ओढली. ती तोंडात आखूड आखूड होत गेली आणि दिसेनाशी झाली. त्याने दुसरी ओढली.

"आई, देवाच्या आहेत त्या," रुचिरा दबक्या आवाजात म्हणाली.

प्रेमाने नुसता हात वर करून तिला थांबवलं. त्या हातात भरलेली सिरिंज तशीच होती. बुवाचं पोट भरेपर्यंत ती जागची हलली नाही. मग उरलेल्या दूर्वा तिने गोळा केल्या, त्यांची जुडी बांधली आणि उष्ट्या आहेत हे पुरतं ठाऊक असताना गणपतीला वाहिली.