चार बोटे कमी

तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घराण्यात लग्नाच्या दिवशी वधू सोन्याचा कंबरपट्टा घालते. लेक असो वा सून, पट्टा तोच. तो माझ्या सासूबाईंच्या लग्नासाठी घडवला होता. दिवाळी झाल्यावर मी तो पेटीतून काढला आणि माझी नात हरिणी हिच्या कमरेला लावून पाहिला. तिचे लग्न पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत उलटल्यावर, ठरले होते. पट्ट्याची दोन टोके एकमेकांपासून दूरच राहिली.

“चार बोटे कमी,” मी म्हणाले. “दोन महिने हातात आहेत. तेवढ्यात जमव.”

याहून अधिक मी बोलले नाही. माझ्या घरात अधिक बोलण्याची वेळ सहसा येत नाही.

हरिणी अठ्ठावीस वर्षांची आहे, इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. आठ दिवसांतच तिच्या पानात दोशाचा अर्धा तुकडा उरू लागला. मग एके दिवशी तिने वजन उतरवणाऱ्या पुडीचा विषय काढला. तिरुवैयारू गावची धनलक्ष्मी ती पूड विकते. कॉलेजातल्या दोघींनी घेतली होती. महिन्याला एक डबा लागतो.

“आत्याबाई, ते नको,” माझी सून वसुमती, म्हणजे हरिणीची आई, स्वयंपाकघरातून म्हणाली. वसुमती माझ्यासमोर ‘नको’ क्वचितच म्हणते.

“हवे की नको, ते वस्तू पाहून ठरवू,” मी सांगितले. “त्या बाईला बोलाव. पूड घेण्याजोगी असेल तर पैसे मी देईन.”

खरे सांगायचे तर ती घेण्याजोगी निघावी, असेच मला वाटत होते. पट्टा बसायला हवा होता.

रविवारी धनलक्ष्मी आली. चाळिशीची, सडपातळ, बोलायला गोड. तिने डबा माझ्यापुढे ठेवला आणि मोबाइलवर स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक आधीचा, एक नंतरचा.

“मामी, बघा. ही मीच. ओळखू येते का?” इकडे कुणाही वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात.

“येते. पहिल्या फोटोत हसते आहेस,” मी म्हणाले. “किती उतरलीस?”

“सहा किलो. चाळीस दिवसांत.”

“त्या चाळीस दिवसांत जेवत काय होतीस?”

“आमचा तक्ता असतो ना, मामी. सकाळी पूड. दुपारी एक इडली. संध्याकाळी ताक, आणि परत पूड.”

“दुपारी एक इडली खाऊन तर आपल्या दाराशी येणारी गायसुद्धा वाळेल. मग पुडीने काय केले?”

हरिणीला हसू आले. धनलक्ष्मीही हसली, पण जरा उशिरा. “पूड आतली घाण काढते, मामी. शरीर शुद्ध होते.”

पापनाशमच्या आमच्या शेतातले भात मी आजही दाताखाली दाणा फोडून पारखते. व्यापाऱ्याच्या शब्दावर मी कधी पोते उचलले नाही. मी हरिणीला तिचा चष्मा आणायला लावला आणि डब्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला सांगितले. सात वनस्पतींची नावे होती. कोणती किती, हे कुठेच नव्हते. चौथे नाव वाचताना हरिणी अडखळली. तिने ते मोबाइलवर शोधले आणि म्हणाली, “आजी, तमिळमध्ये याला निलावरै म्हणतात.”

“मराठीत सोनामुखी,” मी म्हणाले. “तुझ्या बापाचे पोट साफ होत नसे, तेव्हा मी त्याला चिमूटभर देत असे. सकाळी तीनदा परसात धावायचा. याला वजन उतरणे म्हणत नाहीत. धनलक्ष्मी, पूड बंद केल्यावर काय झाले ते सांग.”

तिने पदर हातावर सारखा केला. “मामी, ती बंद करायची नसते.”

“किती वर्षे घेते आहेस?”

“तीन.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “न घेता आता मला होतच नाही.”

मला तिची कीव आली. ती आम्हाला फसवायला आली नव्हती; तिच्यावर जे ओढवले होते तेच ती विकत होती. मी वसुमतीला तिचे आणि हरिणीचे पान वाढायला सांगितले. धनलक्ष्मी दोन घास खाऊन उठली. डबा तिच्या पिशवीत परत ठेवताना मी म्हटले, “डॉक्टरला दाखव. लाजू नकोस.”

ती गेल्यावर निकाल सांगितला, “घेण्याजोगी नाही.” माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

“मग चार बोटे कशी भरायची, आजी?” हरिणीने विचारले. “आईसारखी उपाशी राहून?”

मी वसुमतीकडे पाहिले. ती भांडी पुसत होती.

“महिनाभर पेज आणि ताक घेत होते,” ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. “तुम्ही निरोप धाडला होता ना, आमच्या घरच्या मुलींना पट्टा बसतो म्हणून. होमापुढे मी पडले, ते त्यामुळे.”

होमापुढे ती पडली होती, हे मला आठवते. धुराने घेरी आली, असे पाहुण्यांना मीच सांगितले होते. तीस वर्षे मीही ते खरे मानत आले.

मी पट्टा मागवला आणि मांडीवर घेतला. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळांना उत्तरे मागितली. द्यायची वेळ थोडीच आली.

“सासूबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या,” मी म्हणाले. “हा पट्टा अकरा वर्षांच्या पोरीच्या मापाचा आहे. मी पंधराव्या वर्षी या घरात आले. मलाही तो बसला नाही.”

“पण तुम्ही तर...” वसुमती म्हणाली.

“सासूबाईंनी दोन्ही टोकांच्या कड्यांत तांबडा रेशमी दोरा ओवला, मागे गाठ मारली आणि वरून पदर घेतला. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. मी सांगितले नाही. पुढे पुढे, तो मला बसला होता, असेच मी म्हणू लागले.”

हरिणी माझ्याजवळ खाली बसली. वसुमती उभीच राहिली. ती रडली असती तर मला सोपे गेले असते.

“एक गाठ,” ती म्हणाली. “मला का नाही मारलीत, आत्याबाई?”

माझ्यापाशी उत्तर होते. ते चांगले नव्हते, म्हणून मी दिले नाही. “चूक झाली,” एवढेच म्हणाले. हे शब्द या घरात मी पहिल्यांदा उच्चारले. मग म्हटले, “उद्या सोनाराला बोलावते. चार बोटांची साखळी जोडून घेऊ. कुणाच्या ध्यानातही येणार नाही.”

“नको,” वसुमती म्हणाली. महिन्याभरातले तिचे हे दुसरे ‘नको’. “सोनार नको. दोराच बांधू. गाठ मी मारीन, आणि वरून पदर घ्यायचा नाही.”

“लोक विचारतील.”

“विचारू देत. तुम्ही सांगा.”

हरिणीने माझ्याकडे पाहिले. मी रागावेन असे तिला वाटले असावे. मी भिंतीला हात लावून उठले आणि कपाट उघडले. नऊवारीच्या घडीखाली तो दोरा अजून होता, रंग उडालेला, एका टोकाला विरलेला. मी तो वसुमतीच्या हातात दिला. तिने तो ताणून पाहिला.

“हा तुटेल,” ती म्हणाली. “नवा आणते.” आणि हरिणीच्या पानात उरलेला अर्धा दोसा पाहून म्हणाली, “तू आधी ते संपव.”