न मोजलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना पितळी फासा आहे. सापशिडीतल्या त्या गुळगुळीत ठोकळ्यांशी माझे नाते लावू नका. मला वीस बाजू आहेत आणि प्रत्येक कोपरा टोचेल असा आहे. माझ्या साक्षीने आजवर रक्ताचे पाट वाहिले. बहुतेक सगळे रक्त खोटे होते. एकदाचे मात्र खरे होते आणि तीच हकीकत मला सांगायची आहे.

माझा जन्म बिबवेवाडीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. मकसूद तिथे लेथवर पितळेचे भाग कातत असे. त्याची धाकटी बहीण रझिया दर रविवारी एक खेळ खेळायला जायची, तिला स्वतःचा फासा हवा होता. मकसूदने करवतीने माझा तुकडा पाडला, कानशीने माझे अंग सोलून काढले आणि एकेका बाजूवर हातोड्याने आकडे ठोकले. जन्मतःच एवढा मार खाल्लेला मी, माझा स्वभाव मवाळ कुठून असणार?

खेळ चालायचा सदाशिव पेठेत, श्यामसुंदरच्या घरी. तो लढायांची एक लांबलचक गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. कुणाच्या माणसात बळ किती, नेमबाजी किती, वाक्चातुर्य किती, हे आधीच ठरलेले असे. त्या माणसाने काही करायला घेतले की मला टाकायचे आणि माझ्या आकड्यात त्याचा गुण मिळवायचा. बेरीज मोठी आली तर काम फत्ते, नाही तर कपाळमोक्ष.

माधव त्यातला भैरू. खरा माधव पतपेढीत कारकून होता. गॅसचा सिलिंडर सरकवायचा तरी शेजाऱ्याला हाक मारायचा. पण भैरूने दांडपट्टा उचलला आणि मी मोठ्या आकड्यावर पडलो, की मुंडकी भाजीसारखी चिरली जायची. मला त्या कापाकापीचा भारी अभिमान वाटे.

रझिया बोलताना अडखळायची. रिक्षावाल्याला 'बिबवेवाडी' सांगायला गेली की पहिले अक्षरच ओठांवर ठाण मांडून बसे. मग ती अलीकडच्या थांब्याचे नाव, 'अप्पर', म्हणायची आणि उरलेला रस्ता चालायची. म्हणूनच खेळात ती मैना झाली होती. मैना राजाची वकील, शत्रूच्या दरबारात बेधडक बोलणारी. रझियाने आपले सगळे गुण तिच्या वाक्चातुर्यात ओतले होते. आठवड्यातून एक दुपार तरी तिला न अडखळणारी बाई व्हायचे होते. एवढेच तिचे मागणे होते.

पण श्यामसुंदर पडला वक्तृत्व स्पर्धांचा गडी. त्याच्या भिंतीवर बक्षिसाच्या ढाली टांगलेल्या होत्या. त्याचा नियम असा की मारामारीला फासा, बोलण्याला घंटी. जे बोलायचे ते खेळाडूने स्वतः उभे राहून बोलायचे. पहिली घंटी इशाऱ्याची, दुसरी घंटी वाजली की खाली बसायचे. शाळेपासून असल्या घंट्या ऐकत वाढलेल्या त्या मंडळींना यात काही वावगे वाटले नाही.

एका रविवारी गोष्टीतला गड पडला. गडावरची बायकापोरे दोराने बांधून कड्याच्या टोकाशी उभी केली होती. मैनेने शत्रूच्या सरदाराला वळवले तर ती वाचणार, नाही तर कडेलोट. रझिया उभी राहिली.

"स... स... सरदार, ही प... प..."

पहिली घंटी वाजली. रझियाचा चेहरा लाल झाला. तिने मला उचलले आणि कुणाला न विचारता टाकले. मी गरगरलो, थांबलो आणि वीसवर पडलो! त्याहून मोठा आकडा माझ्या अंगावर नाही.

श्यामसुंदरने माझ्यावर तळहात ठेवला. "बोलायला फासा कशाला? तोंड दिलंय ना देवानं? वेळ संपली." दुसरी घंटी वाजली.

"माधवला कधी म्हणालास का रे, ऊठ, खरा दांडपट्टा फिरवून दाखव?" श्यामसुंदरची बहीण हेमा कडाडली. तीही खेळात होती.

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

श्यामसुंदर थेट कडेलोट रंगवू लागला. एकेक बाई, एकेक पोर, खाली फुटणारी डोकी. भाषा तर विचारू नका, पहिले बक्षीस ठेवलेलेच. शेवटी त्याचा सरदार मैनेसमोर आला, "स... स... सरदार" अशी तिची नक्कल केली आणि तिची जीभ छाटली.

रझियाने त्याच्या हाताखालून मला ओढले आणि त्याच्या तोंडावर फेकले. माझा कोपरा त्याच्या वरच्या ओठात घुसला. ओठ फाटला, पुढच्या दाताचा टवका उडाला आणि गडाच्या नकाशावर रक्त सांडले. ते गरम होते. मित्रांनो, मी घाबरलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले. कारण ऐकून म्हणाले, "पुढच्या वेळी हेल्मेट घालून खेळा." रझिया दारात उभी होती. मला तिने घरी बटणांच्या डब्यात कोंडले. तिथे अंधारात मला एकच दुःख पोखरत होते. आयुष्यातला सर्वांत मोठा आकडा मी दाखवला आणि तो कुणी मोजलाच नाही.

पुढच्या रविवारी हेमा तिला न्यायला आली. "त्याला बोलता येत नाहीये, टाके आहेत. गोष्ट तू सांग."

"म... मी?"

"आम्हाला काही घाई नाहीये."

रझियाने मला डब्यातून काढून सोबत घेतले आणि त्या दुपारी गोष्ट तिनेच सांगितली. श्यामसुंदर आप्पासाहेब नावाचा गोडबोल्या मुनशी होऊन खेळला आणि नेमका दरोडेखोरांच्या हाती सापडला. मानेवर तलवार, सुटका फक्त बोलण्याने. त्याने तोंड उघडले, टाके ताणले आणि नुसते "अं... अं..." निघाले. सगळे रझियाकडे पाहू लागले. ती 'बोल' म्हणाली असती तर कोण अडवणार होते?

तिने मला त्याच्यापुढे ठेवले. "तुला ये... येत नसेल. आप्पासाहेबांना येतं. टाक."

त्याने टाकले. मी तीनवर पडलो. मुनशीचा सगळा गोडवा मिळवूनही बेरीज अपुरी पडली.

"तीन," रझियाने मोठ्याने वाचले. "नाही जमलं."

मग तिने आप्पासाहेबांचे मुंडके उडवले. ते धडापासून सुटायला बराच वेळ लागला, कारण 'ध' अडला होता. कुणी मध्ये बोलले नाही. श्यामसुंदरही तिच्या ओठांकडे बघत आपल्या मरणाची वाट पाहत राहिला.

मित्रांनो, आम्हां फाशांना तेलपाणी लागत नाही. टाकलात तर आकडा वाचा आणि ज्याचा असेल त्याच्या पदरात घाला. आणि कुणाचे वाक्य अडले तर ते त्याच्याकडून हिसकावू नका. ते त्याचे आहे, त्यालाच पुरे करू द्या.