नळाची मूठ

गल्लीच्या न्हाणीघराच्या पाळीची लाकडी पाटी त्या दिवशी आमच्या दारावर होती. पाटी ज्याच्या दारावर, त्या घराने फरशी घासायची, कपड्यांच्या टोपल्या लावायच्या आणि पाणी सांभाळायचं. आमचं पाणी डोंगरातून थेट हौदात येतं, कढत, गंधकाच्या वासाचं. ते ज्याला सोसतं तो गावचा, नाही सोसत तो पाहुणा. लहानपणी मी एकदा "भाजतंय" म्हणाले होते, तर शेजारच्या हामायोने ते मला लग्नापर्यंत ऐकवलं.

हल्ली पाहुणेच जास्त. चार वाजले की दिवसभर बर्फावर घसरून दमलेली मंडळी जड बूट आपटत उतरतात. कोपऱ्यावरच्या टोफूच्या दुकानाचा बिअरबार झालाय, तिथे उजेड असतानाच गाणी सुरू होतात. न्हाणीघराच्या दाराशी बर्फात बिअरचे डबे खोचून ठेवलेले असतात, आमच्या दाराशी, विचारतंय कोण. हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण मी साडेचारला अंघोळीला जावं, तर थंड पाण्याचा नळ सोडलेला आणि हौद कोमट. पुन्हा तापायला दोन तास. दहा हिवाळे मी यावर रक्त आटवलं. चार भाषांत सूचना लावल्या, चित्रं काढून लावली, गल्लीच्या बैठकीत दरवर्षी तोच विषय काढला. लोक मान डोलवायचे आणि चहा प्यायचे.

त्या दिवशी मात्र मला कोमट पाणी चालणार नव्हतं. आई एकोणनव्वदची. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाऊ यासुहिको तिला नागोयाला न्यायला येणार होता, कायमची. नवव्या मजल्यावरचं घर. तिथे टबाला बटण आहे, दाबलं की पाणी बरोब्बर चाळीस अंशांवर थांबतं. आईची गावातली शेवटची अंघोळ गावच्या पाण्यात व्हावी, एवढंच माझं मागणं होतं. म्हणून दुपारी मी पाना घेऊन गेले, नळाची मूठच काढली आणि घरी आणून बाबांच्या तसबिरीखालच्या खणात टाकली.

"मी एकटीच जाऊन येते की," आई म्हणाली. "रोज तीनला जाते तशी."

"आज एकत्र जायचं. मला घासू दे तुझी पाठ."

"तुझी कामं असतील, मासुए."

"कामं झाली. ऊठ."

तिने उठायला उशीर केला, मग मोजे शोधण्यात उशीर केला. मला वाटलं, जायच्या दुःखाने पाय निघत नसेल. निघेपर्यंत चार वाजून गेले.

आत दोन परदेशी मुली हौदाच्या काठावर बसल्या होत्या. पावलं बुडवायची, ओढून घ्यायची, असं चाललं होतं. घोटे लालबुंद. माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू. त्यातली उंच टेसा मला ओळखीची होती. ती हंगामापुरती स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करते आणि आपली भाषा मोडकीतोडकी बोलते.

मी आईला स्टुलावर बसवलं, पाठ घासली. तिची कातडी इतकी पातळ झाली होती की मी हात हलका केला. मग तिला धरून हौदापाशी आणलं. तिने आधी पाण्याकडे पाहिलंच नाही. नळाकडे पाहिलं.

"आजी," टेसा म्हणाली, "आज नळ नाही. आज आपली पंचाईत."



"आपली म्हणजे?" मी विचारलं.

"आजी रोज उघडतात. आम्ही मग येतो. आजींचं पाणी छान असतं."

मी आईकडे पाहिलं. ती उघडी, ओली, माझ्या दंडाला धरून उभी होती आणि थंडीने कापत होती.

"आई, खरं आहे हे?"

"तू वर्षानुवर्षं त्या बैठकीत एवढी भांडत होतीस," ती म्हणाली. "मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

"किती वर्षं?"

"तुझे बाबा गेले तेव्हापासून. भाजतं गं मला."

मला राग आला. कोणावर ते ठरेना, म्हणून सगळ्यांवर आला. आईवर, त्या मुलींवर, चार भाषांतल्या माझ्या सूचनांवर. मूठ खणात पडली होती आणि आमचं घर साठ पायऱ्या वर, त्याही बर्फाने निसरड्या. मी जाऊन येईपर्यंत आई गारठली असती.

"बाहेर बर्फ आहे," टेसा म्हणाली आणि टॉवेल गुंडाळून उठायला लागली.

"बसा," मी म्हणाले. "पाटी माझ्या दारावर आहे. आजींच्या अंगावर गरम पाणी घालत राहा, त्या बादलीतलं, निववून."

मी ओल्या अंगावर यूकाता, अंघोळीनंतरचा सुती झगा, ओढला, लाकडी घमेलं उचललं आणि अनवाणी बाहेर आले. दाराशेजारी छपरावरून पडलेल्या बर्फाचा ढीग होता. बिअरचे डबे बाजूला करून मी दोन्ही हातांनी घमेलं भरलं. आत ओतलं, परत आले. दुसऱ्या खेपेला आई कंबरेपर्यंत पाण्यात उतरली होती, टेसाने तिचा हात धरला होता.

तिसऱ्या खेपेला समोर हामायो उभी. बगलेत टॉवेल, डोळे माझ्या पायांवर.

"मासुएसान, बर्फ कशाला?"

"हौदात घालायला."

"अगं बाई. त्या गोऱ्या पोरींसाठी? तू?"

हो म्हणायचं होतं फक्त. पोरींना कधी कळलंही नसतं. आतून आईचा आवाज आला, ती त्यांना काहीतरी सांगत होती आणि त्या हसत होत्या. हामायो आत डोकावायला पुढे झाली, तशी मी घमेलं घेऊन दारात आडवी झाले.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "मला सोसत नाही. भाजतं."