दाराबाहेरची काठी

मी एक काठी. सागाची नाही, शिसवीची तर नाहीच. बर्फाच्या मुलखात मी फौजेच्या तंबूचा खांब होते. मोडले, आणि उरल्या तुकड्याची काठी झाले. सध्या मुक्काम नायगावच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दारामागे. शेजारी छत्री आणि केरसुणी. छत्रीला निदान चार महिने काम असतं, केरसुणीला रोज. माझं काम आहे, पण ते कुणाला दिसू नये अशी माझ्या मालकाची इच्छा असते.

एका सकाळी बर्फाची कड सुटून तंबूवर आली. मी मधोमध मोडले आणि माझ्याखाली हवालदार धनेश राऊळचा डावा गुडघा. दोघं एकाच वेळी निकामी. तो हॉस्पिटलातून परतला तोवर युनिटच्या सुताराने मला तासून, वर मूठ बसवून तयार ठेवलं होतं. "ले राऊळ, तेरी दूसरी टाँग," असं म्हणून त्याने मला धनेशच्या उजव्या हातात दिलं. डावा पाय दुखरा असेल तर काठी उजव्या हातात धरायची असते. पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा गोष्टीने घडलं.

गुडघ्याखाली धनेशला काही कळत नाही. चिमटा काढा, चटका द्या, पाय जणू शेजाऱ्याचा. तो बधिरपणा हळूहळू वर चढत गेला असं मला वाटतं. पण असलं काही कुठल्या अहवालात लिहीत नाहीत.

सतरा वर्षांची नोकरी संपली. घरी सोडण्याआधी डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहावं लागतं. नोकरीचं पेन्शन ठरलेलंच होतं, पण दुखापतीचं वेगळं पेन्शन हवं तर बोर्डाने निदान वीस टक्के अपंगत्व लिहायला हवं. धनेश गणवेशात गेला, डोक्यावर टोपी, बूट चकचकीत. आत मोठे साहेब. साहेबांना सलाम उजव्या हाताने करायचा, आणि उजव्या हातात मी. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मला दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलं.

मी बाहेरून ऐकत होते. बुटांचे सहा ठोके पडले, सहाही सारखे.

"कोई तकलीफ?"

"नहीं, सर."

या प्रश्नाला दुसरं उत्तर त्याला सतरा वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. कागदावर अकरा टक्के पडले. विसाच्या आतलं सगळं सारखंच, अकरा काय नि शून्य काय.

मुंबईत आल्यावर प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये वॉचमनची नोकरी चटकन लागली. फौजी माणूस म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पण बारा तास उभं राहायचं, आणि वॉचमनच्या हातात म्हाताऱ्याची काठी बरी दिसत नाही म्हणून मी केबिनमागे. एकोणिसाव्या दिवशी तो जिन्यात बसला तो उठलाच नाही. दोघांनी धरून टॅक्सीत घातला. घरी येऊन तो भिंतीकडे बघत बसला. तसा तो अजूनही बसतो.

पुन्हा तपासणी व्हावी म्हणून अर्ज केला तो त्याच्या बायकोने. सीमा दादरच्या एका डॉक्टरांकडे केसपेपर सांभाळते, तिला कागदाची भीती नाही. चार वर्षं अर्ज आणि उत्तरं चालली. तेवढ्या काळात परळला हॉस्पिटलांसमोरच्या दुकानातून माझ्या टोकाचा रबरी बूट तीनदा बदलून झाला. शेवटी पत्र आलं: पुन्हा बोर्ड बसेल.

सीमाने त्याला गॅलरीत उभं केलं. "चालून दाखवा. असं नाही हो, घरात चालता तसं."

धनेशचे वडील अप्पा गिरणीतून निवृत्त झालेले, बाकड्यावरून बघत होते. ते म्हणाले, "रडल्याशिवाय आवस पण दूध पाजणा नाय, झिला."

"रडायचं काय त्यात?" धनेश म्हणाला.

"रडू नका. फक्त काठी सोडू नका," सीमा म्हणाली.

बोर्डाच्या दिवशी तो साध्या कपड्यांत होता, टोपी नाही, आणि टोपीशिवाय फौजेत सलाम करत नाहीत, म्हणजे तो प्रश्नच नव्हता. मला वाटलं, आज मी आत जाणार. शिपायाने पुकारलं, "हवालदार धनेश राऊळ!" आणि त्याची पाठ ताठ झाली, दोन्ही हात पँटच्या शिवणीला चिकटले. सावधानमध्ये काठीला जागा नसते. मी खाली पडले. सीमा मला उचलून दारापर्यंत धावली, पण शिपायाने हात आडवा घातला. ती मला मांडीवर घेऊन बाकावर बसली. आतून पुन्हा तेच सहा ठोके आले.

मला त्याचा राग आला. पण राग येऊन काठी जाणार कुठे?

दोन महिन्यांनी निकाल आला. सीमाने मोठ्याने वाचला: आधाराशिवाय चालतो, टक्केवारीत बदल नाही.

"बरोबर आहे," धनेश म्हणाला. "चाललोच ना मी."

सीमा भांडली नाही. पुढच्या रविवारी तिने तिसऱ्या बोर्डासाठी अर्ज लिहायला घेतला. खाली सोबत जोडलेल्या वस्तूंची यादी केली: डिस्चार्ज सर्टिफिकेट, हॉस्पिटलचा जुना अहवाल, दोन्ही बोर्डांचे कागद. सर्वांत शेवटी लिहिलं: काठी, एक नग.

धनेशने ती ओळ वाचली. तो ती खोडणार असं मला वाटलं. त्याने पेन उचललं. मग सही केली.

आता तारखेची वाट आहे. त्याचा मला भरवसा नाही, पुकारा झाला की तो मला परत टाकेल. म्हणून विनंती तुम्हाला. तुमच्यापैकी कुणी त्या दाराच्या आत, बोर्डावर असाल, तर त्याला त्रास विचारू नका, तो नाही म्हणेल. एवढंच विचारा, ही काठी कुणाची? आपल्या वस्तूबद्दल साहेबांसमोर तो खोटं बोलत नाही. "मेरी है, सर," म्हणेल.