हजेरीत ओडार्टेकाका

“पप्पा, मेलेला माणूस मीटिंगला येतो का?”

हिंमत असेल तर विचारून दाखव, असं माझी मैत्रीण माकू म्हणाली होती. वादविवादात अख्ख्या टेमा शहराला गार करणारी मी, पप्पांना काय भिणार! शनिवारी भर दुपारी, मक्याचे केंके आणि तळलेले मासे पुढ्यात असताना विचारलंच.

विचारलं ते कोरकोरसाठी, आमच्या तिसऱ्या मैत्रिणीसाठी. तिचे वडील ओडार्टेकाका पप्पांबरोबर बंदराच्या ऑफिसात होते. एप्रिलमध्ये वारले. जूनमध्ये ऑफिसने कंटेनरांचा माग ठेवणारं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि कंटेनर हरवायलाच लागले. आता येत्या शुक्रवारी चौकशी, आणि जो तो म्हणतो, ओडार्टेनेच निवडलं ते!

“डेडेई, गप जेव,” मम्मी म्हणाली.

पप्पा हसले. “अगं, मंजुरीला चार नावं लागतात. चौथा व्हायला कुणी धजेना. त्याचं नाव यादीत होतंच, पासवर्ड माझ्याकडे होता. मेलेल्याची नोकरी थोडीच जाते?”

“आणि कोरकोर? चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नाही.”

“माझी नोकरी गेलेली चालेल का, वकीलसाहेब? हे बघ, सगळं मिटलंय.” त्यांनी लॅपटॉप उघडला.

चार नावं. तिघांपुढे ‘मान्य’. ओडार्टेपुढे ‘अमान्य’.

पप्पांनी ते बदललं. आमच्या डोळ्यांदेखत परत ‘अमान्य’ झालं. “नेट गंडलंय,” म्हणत त्यांनी वायर उपटली, पुन्हा बदललं. पुन्हा ‘अमान्य’. मग खाली, कारणाच्या रकान्यात, एकेक अक्षर उमटत गेलं: मी तिथे नव्हतो.

मम्मीने हळूच विचारलं, “मीटिंगला त्याचं नाव घेता तुम्ही?”

“हजेरीला. दर सोमवारी.”

“आणि जमिनीवर ओतता काही?”

“ऑफिसात? नाही.” आमच्यात गेलेल्याला हाक मारली तर घोटभर ओतून त्याला परत पाठवावं लागतं. हे लोक सहा महिने नुसतेच बोलावत होते!

मम्मीने उंबऱ्यावर पाणी ओतलं. “ओडार्टे, भाऊ, जा आता.”

रकान्यात आणखी अक्षरं आली: शुक्रवारीही बोलावलंय मला.

मी उभी राहिले.

“पप्पा, मम्मी, माझं ठरलंय. शुक्रवारी मी कोरकोरला घेऊन चौकशीला येणार. ते चौथं नाव कुणी भरलं ते पप्पा, तुम्ही सांगा. नाही सांगितलंत, तर मी सांगेन.”