पट्टीखालचा भोपळा

हो, मीच बोलतोय. भोपळा. परीक्षेत काहीच आलं नाही की तुम्ही ज्याचं नाव घेता, तोच. घ्या खुशाल, मला राग नाही. एकशे नव्वद किलोच्या गड्याने असल्या गोष्टी मनाला लावून घेतल्या तर कसं व्हायचं! पण आज थोडं माझं ऐका, कारण उद्या सकाळी मला चिरणार आहेत.

मी वाढलो एका छोट्या घराच्या मागच्या अंगणात. वाढवणारा होता एक निवृत्त ड्रेसर. ड्रेसर म्हणजे इस्पितळात जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. छत्तीस वर्षं त्याने तेच केलं. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. एकदा पेशंटच्या जखमेला चिमटा लागला, पेशंट ओरडला आणि मोठे डॉक्टर म्हणाले, "ड्रेसर, आता विश्रांती घ्या." ते तसे वाईट नाहीत. पण ते बोलणं आमच्या ड्रेसरच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून चारचौघांत त्याचा उजवा हात खिशातच असतो.

वेलीवर आम्ही पाच भावंडं धरलो होतो. त्याने चौघांना खुडून टाकलं, का तर सगळा रस मला एकट्याला मिळावा. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो म्हणा! माझ्या अंगाखाली त्याने वाळू पसरली, डोक्यावर जुन्या चादरीची सावली केली. रोज सकाळी तो टेपने माझा घेर मोजायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा.

"अहो," आतून त्याची बायको ओरडायची, "लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझी कधी एवढी चौकशी केली नाहीत!"

"तू कुठे रोज चार किलोने वाढतेस?"

"बघता कधी तुम्ही? बघितलंत तर कळेल ना!"

मला त्या दोघांचं भांडण फार आवडायचं. ते ऐकत ऐकतच मी फुगलो.

एवढा आटापिटा कशासाठी, तर शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या भाज्यांच्या प्रदर्शनासाठी. सर्वांत जड भोपळ्याला तिथे ढाल मिळते. आणि यंदा परीक्षक होते तेच मोठे डॉक्टर. त्यांच्यापुढे आपल्या हातांनी वाढवलेलं काहीतरी धडधाकट नेऊन ठेवायचं, बस्स. "एकदाच त्यांनी म्हणावं, की ड्रेसर, हात अजून शाबूत आहे तुमचा," असं तो बायकोला म्हणाला, ते मी ऐकलं. ढालीचं मला काय कौतुक! पण ते वाक्य त्याला मिळावं, असं मलाही मनापासून वाटायला लागलं.

प्रदर्शनाला आठवडा उरला होता. घेर मोजताना त्याचा हात थरथरला आणि टेपचं पत्र्याचं टोक माझ्या कुशीत घुसलं. बोटभर चीर पडली. खरं सांगतो, मला फारसं काही झालं नाही. आम्हा भोपळ्यांना ऊन-वारा मिळाला की असली चीर आपोआप वाळते, वर खपली धरते. दोन दिवस मला नुसतं सोडून द्यायचं होतं. पण ज्याने आयुष्यभर पट्ट्या बांधल्या, त्याला एक जखम उघडी सोडवेल कशी?

तो धावत जाऊन आपली जुनी पेटी घेऊन आला. त्याने चीर धुतली, कापूस ठेवला, गॉज ठेवलं, चिकटपट्ट्या लावल्या. इतकी सुबक पट्टी इस्पितळात कुणा बड्या माणसालाही मिळाली नसेल. वर, पट्टी सुकून चिकटू नये म्हणून तो तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचा.

"रोपवाल्याला विचारलं मी," बायको म्हणाली. "तो म्हणतो, उघडं ठेवा, वारा लागू द्या."

"रोपवाला मला जखमा शिकवणार? छत्तीस वर्षं मी काय गवत उपटत होतो?"

"अहो, भोपळा आहे तो!"

"जखम ती जखम. पाचव्या दिवशी सोडायची, त्याआधी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मला तिथे ओलसर वाटलं. तिसऱ्या दिवशी मऊ. चौथ्या दिवशी तर ती कुशी माझी राहिलीच नाही. आतून काहीतरी हळूहळू मला खात चाललं होतं, आणि तो माझ्याशेजारी स्टुलावर बसून पट्टीकडे कौतुकाने बघत होता. अरे बाबा, सोड ती! किती ओरडलो मी! पण ज्याला तोंडच नाही, त्याचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? गडगडत जाऊन भिंतीवर घासावं म्हटलं, तर देठाने बांधलेला. एवढा मोठा देह आणि करता काय येतं? काही नाही.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, त्याने पट्टी सोडली आणि वास आला. तो वास त्याला ओळखू येणार नाही तर कुणाला?

मग त्याने चमचा घेतला. मऊ झालेलं सगळं खरवडून, घट्ट गर लागेपर्यंत जायचं होतं. हाताची थरथर थांबेना, तेव्हा बायकोने त्याचं मनगट धरलं. दोघं मिळून खरवडत राहिले. एक चमचा, दोन, पाच. घट्ट गर काही लागेना. आणि अचानक चमचा आरपार गेला. माझ्या पोटातल्या अंधारात पहिल्यांदाच उजेड आला.

प्रदर्शनाचा नियम साधा आहे. पोकळीपर्यंत भोक असलेला भोपळा बाद.

"जाऊ दे आता ते प्रदर्शन," बायको म्हणाली. "बुरशीवरची पावडर लावू, पंखा सोडू. वाळला तर जगेल बिचारा."

पंख्याचं नाव ऐकूनच मला बरं वाटलं. पण तो उठला आणि मेणबत्ती घेऊन आला. त्याने वितळलेल्या मेणाने भोक बुजवलं, त्यावर बुटाच्या पॉलिशचा पिवळट हात फिरवला. "दोनच दिवस," तो माझ्या कानाशी आल्यासारखं पुटपुटला. "दोन दिवस काढ रे." बायको तोंड फिरवून आत गेली. मला त्याचा राग यायला हवा होता. पण कीवच आली, काय करणार!

रविवारी सहा जणांनी ताडपत्रीत घालून मला काट्यावर चढवलं. वजनात माझ्या आसपासही कुणी नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठे डॉक्टर आले, माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "वा! हात अजून शाबूत आहे की तुमचा, ड्रेसर!"

अगदी तेच वाक्य. मिळालं त्याला.

त्याचा चेहरा असा काही पडला की मला बघवेना. उन्हाने मेण मऊ झालं होतं, कडेने वास सुटला होता. त्याने खिशातून उजवा हात काढला. सगळ्यांसमोर तो लटलट कापत होता.

"डॉक्टरसाहेब, ही माझी पट्टी आहे. खाली पू आहे," असं म्हणून त्याने नखाने मेण उकरून काढलं.

डॉक्टरांनी वाकून भोकात बघितलं. "बाद," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी तो कापणारा हात आपल्या हातात घेतला. "आणि हा? कुणाला दाखवलात का?"

बायको म्हणाली, "दोन वर्षं खिशात ठेवलाय त्यांनी. मला सुद्धा नीट बघू देत नाहीत."

"उद्या दहाला दोघं या माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले.

आता मी त्यांच्या पडवीत आहे. भोकासमोर पंखा लावलाय. उशीर झालाय, कूज आत उतरली आहे, ते मला कळतंय आणि त्यालाही. म्हणून उद्या इस्पितळात जाण्याआधी मला चिरून, चांगल्या राहिलेल्या बिया वाळत घालणार आहेत. किती निघतील, मला ठाऊक नाही.

तो स्टुलावर बसलाय. हात गुडघ्यावर, उघडा, थरथरत. बायको शेजारी भाजी निवडत मधून मधून त्याकडे बघते, आणि तो बघू देतो.

माझी एखादी बी तुमच्या हाती आली तर लावा. माझं लेकरू कुठे खरचटलं तर त्याला झाकू नका, एवढंच मागतो. येतो मी. पंखा मात्र सकाळपर्यंत चालू ठेवा, फार बरं वाटतंय.