पहिल्या रांगेतले मामा

श्रीशैल हुक्केरी हा वजनाचा माणूस. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, त्याचं चांदीच्या पैंजणांचं दुकान होतं, आणि हुपरीच्या कारागिरांकडून आलेला प्रत्येक जोड स्वतः काट्यावर ठेवल्याशिवाय तो कपाटात ठेवत नसे. त्या रविवारी संध्याकाळी मात्र तो राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये, पहिल्या रांगेत बसून, बायकोच्या हसण्याचं वजन करत होता.

स्टेजवर उदयसिंह एकटा, हातात माईक. साल १९९८चं, तोवर त्याची विनोदांची कॅसेट निम्म्या कोल्हापुरात वाजत होती. हुक्केरींच्या स्वयंपाकघरातही वाजायची. भाकरी थापता थापता शिवलीला एकटीच खिदळायची. मग एक दिवस ती कॅसेट सापडेनाशी झाली. कुठं गेली ते श्रीशैलला ठाऊक होतं, कारण त्यानंच ती दुकानाच्या माळ्यावर टाकली होती. त्यावर शिवलीलानं थेट पहिल्या रांगेचे पास आणले.

"गावाकडचा पावणा लिफ्टात शिरला," उदयसिंह सांगत होता, "आन् म्हनतो कसा, खोली लई बारकी हाय, पलंग कुटं लावायचा?"

शिवलीला हसली. तोंडावर पदर न घेता, मान मागं टाकून. हे अकरावं हसू. त्यातली चार तर पोट धरून. सात वर्षांच्या संसारात असलं एकही आपल्या वाट्याला आलं का, हे श्रीशैल आठवून बघत होता.

"हसा की जरा," ती कुजबुजली.

"कळला न्हाय," तो म्हणाला. कळला होता.

उदयसिंहाची नजर नेमकी याच चेहऱ्यावर अडली. विनोद करणाऱ्याला शंभर हसणारे दिसत नाहीत, एक न हसणारा बरोबर दिसतो. तो वायर ओढत खाली आला.

"पावणं, दाढ काढून आलायसा काय?" हॉल हसला. माईक शिवलीलापुढं आला. "ताई, ह्ये कोन म्हनायचं तुमचं?"

"मामा," शिवलीला म्हणाली.

चुकून नव्हे, सवयीनं. ती श्रीशैलच्या थोरल्या बहिणीची, बसव्वाक्काची, मुलगी. निपाणीकडं त्यांच्यात मामानं भाची करायची रीतच. फ्रॉकात असल्यापासून ज्याला मामा म्हटलं, त्याला लग्नानंतर 'अहो' म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. 'चारचौघांत तरी म्हणू नकोस,' असं त्यानं कितीदा सांगितलं होतं. त्यात त्याच्या डोक्यावरचे केस गेलेले, आणि ती नऊ वर्षांनी लहान.

उदयसिंह मूळचा मुरगूडचा. त्याला आपल्याकडची मामेबहिणीशी सोयरीक माहीत, थेट मामाशी नाही.

"व्हय काय! मग मामा, भाचीला नुसतं विनोद ऐकवत बसनार, का स्थळबी बघनार? लांब कशाला जाताय? मी हाय की! शेती हाय, म्हशी हायत, कॅसेट हाय!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. शिवलीलाही हसली, आणि हे हसू मागच्या अकरांपेक्षा जड होतं. श्रीशैल ताडकन उठला.

"नवरा हाय मी तिचा!"

संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, एकदा मामा, एकदा नवरा! ठरवा की!" श्रीशैलचे कान तापले. खाली बसावं की बाहेर जावं हे कळेना. उदयसिंहाला मात्र आयतं घबाड सापडलेलं.

"आता ताईच सांगतील. मामा, का मालक?"

शिवलीलानं हसू पुसलं. उभं राहून माईक स्वतःच्या हातात घेतला, भाजी निवडावी इतक्या सहज.

"दोन्ही," ती म्हणाली. "आमच्यात चालतंय. आईचा धाकटा भाऊ हाय ह्यो. तापात रात-रात मांडीवर घिऊन बसलाय मला. त्यालाच केला. तुमच्यागत माईक घिऊन गावभर स्थळ हुडकत फिरावं लागलं न्हाय त्याला."

टाळ्या पडल्या. पार शेवटच्या रांगेपर्यंत. उदयसिंह माईक परत घेऊन, हात जोडून स्टेजवर परतला. पुढचे दोन विनोद त्याचे पडले.

श्रीशैलला खरं तर सुखानं फुगायला हवं होतं. मध्यंतरात अनोळखी माणसं येऊन हात मिळवत होती, पण त्याच्याशी नव्हे. "वहिनी, लई भारी!" म्हणत सगळी तिच्याकडं. एका म्हाताऱ्यानं तर तिला पुढच्या महिन्यात स्टेजवरच यायचं आवतण दिलं. ती उभी, कोपरापर्यंत बांगड्या, चहाचा कप हातात, प्रत्येकाला काहीतरी चटकदार परतवत होती. श्रीशैलचा उदयसिंहावरचा राग केव्हाच निवला. आता त्याला अख्ख्या हॉलचा हेवा वाटत होता.

घरी जाताना स्कूटर दसरा चौकात आली. तो मान न वळवता म्हणाला, "तापाचं ह्ये... माझ्याफुडं कधी बोलली न्हाईस त्ये. पाचशे मानसांत बोललीस."

"त्यानं इचारलं, मी सांगितलं," मागून शिवलीला म्हणाली. "तुम्ही कधी इचारलंसा?"

श्रीशैलनं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि विचारायला मागं वळला.